सुरुट्टु, चिरूट, सुरळी

दिवाळीच्या सुमारास, म्हणजे चेन्नईच्या ऐन पावसाळ्यात, एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करताना मी दोन पानांवर आठवडाभर अडकले होते. कादंबरीतला एक म्हातारा वकील जेवण झाल्यावर सिगार पेटवतो आणि तिची चव सांगत बसतो. आधी भाजलेली कॉफी, मग देवदाराचं लाकूड, मध्यावर चामडं, शेवटी ओली माती आणि गोठा. इंग्रजीत ही सगळी स्तुती आहे. मराठीत 'चामड्याचा वास' आणि 'गोठ्याचा वास' असं लिहून मी परिच्छेद वाचला, तेव्हा वकिलाने ती सिगार फेकून का दिली नाही, असाच प्रश्न पडला.

अडचण शब्दकोशाची नव्हती. चेन्नईत क्रोमपेट नावाचं उपनगर आहे. क्रोम लेदर कंपनीवरून ते नाव पडलं. त्या बाजूच्या जुन्या रहिवाशाला चामडं म्हटल्यावर जे आठवेल ते वकिलाला आठवत नाही. आपल्याकडेही चामड्याचा वास म्हटलं की आधी गावकुसाबाहेरची वस्ती आठवते आणि ती कोणी तिथे ठेवली हेही. वासाला जात नसते, पण वासाच्या शब्दाला असते. वकिलाच्या तोंडातला शब्द खुर्चीच्या गादीवरून आला होता. माझा शब्द कातडं कमावणाऱ्याच्या हौदावरून येत होता.

शिवाय मी तंबाखूच्या गावची आहे. निपाणीला आमच्या घरापासून वखारी हाकेच्या अंतरावर होत्या आणि माझी आजी त्यातल्या एकीत वीसएक वर्षं कामाला होती. तंबाखूचं वर्णन करायला मला इंग्रजी कादंबरीची शिकवणी लागावी याची थोडी लाज वाटली. म्हणून मी अनुवाद बाजूला ठेवला आणि ज्या शहरात राहते तिथूनच सुरुवात केली. कारण हाताने वळलेल्या तंबाखूला जगभर जे एक नाव आहे, ते इथलं आहे.

तमिळमध्ये त्याला 'सुरुट्टु' म्हणतात. अर्थ साधा: गुंडाळलेलं, वळलेलं. त्याच कुळातला 'सुरुळ्' म्हणजे वळी, वेटोळं. पोर्तुगीजांनी त्याचा 'शारुतो' केला, इंग्रजांनी 'चेरूट', आणि आपण 'चिरूट'. मराठीतल्या 'चि'वरून हा शब्द आपल्याकडे थेट दक्षिणेतून न येता साहेबाच्या तोंडून आला असावा, असं मला वाटतं. म्हणूनच चिरूट म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे अजून कलेक्टर येतो, हॅट येते, बंगल्याचा व्हरांडा येतो. तमिळ माणसाच्या डोळ्यांपुढे मात्र शेताच्या बांधावर उकिडवा बसलेला म्हातारा येतो. एकच वस्तू, एकच शब्द, पण मधल्या प्रवासात मालक बदलला.

या प्रवासाची एक जुनी नोंद मद्रासच्याच किनाऱ्यावरची आहे. टॉमस बाउरी हा इंग्रज व्यापारी १६६९ ते १६७९ या काळात बंगालच्या उपसागराभोवती फिरला आणि त्याने पाहिलेलं लिहून ठेवलं. इथले गरीब लोक पान नुसतं गुंडाळतात, एक टोक पेटवतात आणि दुसरं ओठांत धरतात, पोर्तुगीज त्याला 'चेरूटा' म्हणतात, असं तो सांगतो. ही रीत त्याला हलकी वाटली, पण मूळची तीच असावी असंही वाटलं. म्हणजे या वस्तूचा इंग्रजीतला एक सुरुवातीचा अभिप्रायच 'हलकी' असा आहे. पुढे दोनशे वर्षांत तीच हलकी रीत लंडनच्या क्लबांत पोचली.

दुसरी नोंद आपल्या अधिक जवळची. 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा प्रसिद्ध कोश १८८६ साली निघाला आणि त्यात चेरूटचं मूळ तमिळमध्ये दाखवलं आहे. त्याच्या दोन कर्त्यांपैकी आर्थर बर्नेल हा मद्रास इलाख्यातला सनदी अधिकारी, तंजावरला न्यायाधीश होता. तिथल्या भोसले राजांच्या राजवाड्यातल्या संस्कृत हस्तलिखितांची सूची त्याने केली. ती १८८० साली छापली गेली. सरफोजीराजांनी वाढवलेल्या सरस्वती महालाच्या पोथ्यांत हा माणूस दिवसचे दिवस बसत असे. आसपास तंजावरी मराठी बोलली जात होती आणि बाहेर कावेरीच्या काठी सुरुट्टु ओढला जात होता. कोश छापून आलेला पाहायला बर्नेल उरला नाही, तो १८८२ सालीच गेला.

मराठी आणि तमिळ यांच्या नात्यावर विश्वनाथ खैरे यांनी आयुष्यभर लिहिलं. 'द्रविड महाराष्ट्र' वाचलेल्या माणसाला तमिळ 'सुरुळ्' आणि मराठी 'सुरळी' हे शब्द शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही. कागदाची सुरळी, चटईची सुरळी, सुरळीच्या वड्या. सुरुट्टु म्हणजे पानाची सुरळी. साहेबाला वगळून हा शब्द आपल्यापर्यंत यायला एक वाट होती तर! खुद्द तंबाखूच्या बाबतीत मात्र आपण पोर्तुगीजांचाच शब्द उचलला. तमिळने नव्या पिकाला आपल्या पदरचं नाव दिलं: 'पुगैयिलै', धुराचं पान.

कोणाच्या जिभेवर विश्वास ठेवायचा, हा प्रश्न हिंदुस्थानात तंबाखूइतकाच जुना आहे. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरला गेला होता. तिथे त्याने प्रथम तंबाखू पाहिली आणि रत्नजडित नळीसह ती बादशहापुढे ठेवली. अकबराने थोडे झुरके घेतले. हकिमाने हरकत घेतली की आमच्या ग्रंथांत या पाल्याचा उल्लेख नाही. असद बेग म्हणाला, युरोपातले जाणते लोक ती वापरतात, ते काही मूर्ख नाहीत. हकीम म्हणाला, युरोपियनांच्या मागे जायचं आम्हाला कारण नाही. अकबराने पुढे ओढली नाही, दरबाऱ्यांनी मात्र ओढली आणि व्यापार सुरू झाला. जहांगीराने १६१७ साली बंदीचा हुकूम काढला तोही चालला नाही. या वादात पानाची चव कोणी सांगितलीच नाही. वाद चालला तो शिफारस कोणाची, यावर.

हे सगळं टिपून झाल्यावर एका शुक्रवारी रात्री मी एग्मोरहून रॉकफोर्ट एक्स्प्रेस पकडली आणि पहाटे तिरुचिरापल्लीला उतरले. इंग्रजांच्या काळातलं त्रिचिनॉपोली ते हेच. चिरुटाचं काम इथल्या उरैयूर भागात चालायचं. उरैयूर ही प्राचीन चोळांची राजधानी. आता तिथे विणकर आहेत आणि चिरूट वळणारे मोजके हात उरले आहेत.

एका लांबट खोलीत सहा-सात माणसं जमिनीवर बसली होती. प्रत्येकापुढे लाकडी पाट. बायका ओलसर पानांची मधली शीर काढून देत होत्या. पुरुष आतल्या भरणाची पानं लांबीनं मुठीत गोळा करत, त्यांवर एक पान गुंडाळून आकार धरत, आणि शेवटी सर्वांत अखंड, डाग नसलेलं पान तिरपं ओढत वरून चढवत. टोकाला बोटाने किंचित खळ. मी वळणाऱ्याच्या हाताकडे पाहत होते. भरण घट्ट झालं तर धूर येत नाही, सैल राहिलं तर धूर गरम येतो आणि चिरूट एका बाजूने जळत जातो. हे त्याला पेटवून पाहावं लागत नाही. तो अंगठ्याने दाबतो आणि ठरवतो. मूल्यमापन तिथेच, दुकानात जाण्याआधी, झालेलं असतं.

कोपऱ्यात मोबाइलवर जुनी गाणी लागली होती. मला हवानातले कारखाने आठवले. तिथे १८६५ पासून कामगार आपल्या मजुरीतून पैसे काढून एक वाचक नेमत. तो उंचावर बसून वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचे. 'मॉन्टेक्रिस्टो' ही सिगार ड्यूमाच्या कादंबरीच्या नावाने ओळखली जाते ती याच परंपरेमुळे, असं सांगतात. फ्रेंच कादंबरी तिथल्या कामगारांनी अर्थातच स्पॅनिश अनुवादात ऐकली. आपल्याकडे कण्णूरच्या विडी कामगारांतही कोणीतरी पेपर वाचायचा आणि बाकीच्यांनी वळत ऐकायचं, ही रीत होती. अनुवादकाला आपली किंमत कळण्याची ठिकाणं कमी असतात. हे त्यांतलं एक.

उरैयूरला चिरुटाची थोरवी सांगताना प्रत्येकजण चर्चिलचं नाव घेतो. तिथल्या फेन थॉम्पसन या कंपनीचे चिरूट त्याला जात, अशी कथा आहे. दुसरा दाखला शेरलॉक होम्सचा. १८८७ च्या 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये लंडनच्या एका रिकाम्या घरात प्रेत सापडतं, आणि जमिनीवरची काळपट, पापुद्र्यांची राख पाहून होम्स सांगतो की खुनी त्रिचिनॉपोली ओढत होता. गंमत अशी की पान त्रिचीचं नसायचंच. ते यायचं शेजारच्या दिंडुक्कलच्या शेतांतून. तिथे मद्रासच्या स्पेन्सर कंपनीचाही कारखाना होता. माउंट रोडवरच्या स्पेन्सरच्या भव्य दुकानातून हे चिरूट साहेबांच्या घरी आणि जहाजांवर जात. (ते जुनं दुकान १९८०च्या दशकात आगीत गेलं, आता त्या जागी स्पेन्सर प्लाझा आहे.) शेत दिंडुक्कलचं, हात उरैयूरचे, दुकान मद्रासचं आणि नावलौकिक लंडनचा. लिखित इतिहासात यांतले शेवटचे दोनच ठळक दिसतात.

मी पाच चिरूट घेऊन आले. मी ओढत नाही. पण ज्याची चव माहीत नाही त्याचा अनुवाद करायचा कसा? तिरुवल्लिकेणीत आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त तमिळ शिक्षक राहतात. माझ्या अनुवादातल्या चुका तेच काढतात. त्यांनी तीस वर्षं सुरुट्टु ओढला आणि अड्यारच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये थोरल्या भावाला पोचवून आल्यावर सोडला. त्यांना म्हटलं, सर, तुम्ही ओढू नका, फक्त मी काय करायचं ते सांगा. आम्ही गच्चीवर बसलो.

ज्ञानासाठी मी सिगारवाल्यांची पद्धतही वाचून ठेवली होती. 'सिगार अफिशिओनाडो' या १९९२ साली निघालेल्या अमेरिकी मासिकाने शंभर गुणांची रीत रूढ केली: दिसणं व बांधणी, चव, जळण्याची तऱ्हा आणि एकूण परिणाम. मी वहीत चार रकाने आखले.

दिसण्यात माझा चिरूट नापास झाला असता. वरच्या पानाच्या शिरा जाड, रंग एकसारखा नाही. दाबल्यावर मात्र टोकापासून टोकापर्यंत सारखा, ना गाठ ना पोकळी. न पेटवता ओढून पाहिला: वाळलेलं गवत, गूळ, आणि मागे काहीतरी खारट. मग सरांनी सांगितल्याप्रमाणे आगकाडी लांब धरून, चिरूट फिरवत पेटवला. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात धरायचा आणि सोडायचा. पहिले काही झुरके मिरीसारखे जिभेच्या शेंड्यावर लागले. पाव भाग जळेपर्यंत मिरी मागे सरली आणि जळक्या गुळाची, काकवी उतू गेल्यावर चुलीजवळ येते तशी चव आली. अर्ध्यावर ती कडू झाली. राख गडद करडी होती, आणि खरोखरच पापुद्र्यांची. होम्स बरोबर होता.

रसिकांना पांढरी, घट्ट, लांब टिकणारी राख आवडते. पण राखेचा रंग कारागिरीपेक्षा जमिनीवर ठरतो. पानात मॅग्नेशियम पुरेसं असलं की राख पांढरी होते. जमिनीत, विहिरीच्या पाण्यात क्लोराइड जास्त असलं की पान नीट पेटत नाही आणि काळपट जळतं. राखेसाठी गुण कापणारा परीक्षक वळणाऱ्याचे गुण कापत नसतो, दिंडुक्कलच्या विहिरीचे कापत असतो. तिथल्या वेडसंदूरला सिगार आणि चिरुटाच्या तंबाखूसाठी १९४८ पासून संशोधन केंद्र आहे. ही गोष्ट तिथल्या शेतकऱ्याला नवी नाही.

"कारम् कसा आहे?" सरांनी विचारलं.

माझ्या चार रकान्यांत कारम् नव्हता. तमिळमध्ये मिरचीचा तो कारम्, तंबाखूचाही तो कारम्. तिखट म्हणावं तर ते फक्त जिभेपुरतं आहे. कारम् घशात जातो, डोळ्यांत येतो, आणि मग, सर म्हणाले, "तलै सुत्तुम्", डोकं फिरतं. मी उत्तर देणार एवढ्यात माझं डोकं फिरलंच. गच्चीचा कठडा धरला आणि तोंडून मराठीत निघालं, "लागली."

हा शब्द मी तीस वर्षांत उच्चारला नव्हता. तंबाखू लागते. आमच्या आजीच्या बोलण्यात तंबाखूचे प्रकार होते तेच असे: लागणारी, न लागणारी, ठसका देणारी, जहाल, मवाळ, फोफशी. वखारीत बायका तंबाखू चाळायच्या, कुटायच्या, तेव्हा खकाणा एवढा उडायचा की पदर नाकावर बांधूनही घरी आल्यावर तिच्या थुंकीत तपकिरी धागा असे. मूठभर चुरा तळहातावर घेऊन ती सांगायची, "ही काळ्या रानातली न्हवं, ही माळावरची हाय. लागंल बघ." कोणी तिला कधी विचारलं नाही. भाव ठरवणारा व्यापारी यायचा, तळहातावर चुरायचा, हुंगायचा, आणि एक आकडा बोलायचा. तो आकडा म्हणजे चव. त्याच्यापुढे शेतकऱ्याची जीभ नव्हती आणि वखारीतल्या बाईची तर नव्हतीच.

म्हणून १९८१चं निपाणीचं आंदोलन मला चवीच्या इतिहासातलंही पान वाटतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या हाकेवर तंबाखू पिकवणारे हजारो शेतकरी पुणे-बंगळूर रस्त्यावर येऊन बसले. मागणी एकच होती: आमच्या मालाचं मोल आम्हीही सांगणार. एप्रिलमध्ये पोलिसांनी गोळीबार केला आणि शेतकरी मेले. त्याच काळात वखारीतल्या बायकाही संघटित झाल्या. त्यांच्यावर 'युगांतर' या गटाने १९८२ साली केलेल्या माहितीपटाचं नावच 'तंबाखू चाकिला ऊब आली' असं आहे. आजी त्या वेळी जिवंत होती. रस्त्यावर बसलेल्यांना भाकरी नेऊन दिल्याचं ती सांगायची. पुढे ती खोकून खोकून गेली. कुठल्याच मासिकाच्या रकान्यात तिचा खोकला बसत नाही. चिरुटाच्या चवीबद्दल लिहिताना तो वगळणं मला जमणार नाही.

डोकं ताळ्यावर आल्यावर सरांनी उरलेल्या चार चिरुटांचं काय करणार विचारलं. मग त्यांनीच सुचवलं. त्यांच्या गावी वेशीवर करुप्पसामीचं ठाणं आहे. त्याला सुरुट्टु आणि दारू लागते. तमिळ मुलखात रखवालदार देवांना हा नैवेद्य नेहमीचा. मला हसू आलं, कारण कोकणातला राखणदार आणि गोव्यातला देवचारही विडी आणि दारू घेतो. रात्रभर जागून वेस राखणाऱ्याला काय लागतं हे लोकांना माहीत आहे. देवाला देताना कोणी राखेचा रंग पाहत नाही. स्वतः राबून आल्यावर जे ओढतो तेच त्याला देतात.

दुसऱ्या दिवशी मी दोन पानं पुन्हा काढली. कॉफी ठेवली. देवदार ठेवला. चामड्यासाठी बराच वेळ थांबले आणि मग लिहिलं: नव्या कोल्हापुरी चपलेचा वास. दुकानातून आणलेली चपल आपण सगळेच नाकाशी नेतो. तेव्हा तो वास कोणाच्या हौदातून आला ते कोणी विचारत नाही. तो प्रश्न वाचकाला पडला तर पडू दे. गोठ्याच्या जागी पावसात भिजलेली वैरण आली. आणि वकील शेवटी खुर्चीत मागे रेलतो त्या वाक्यात, जिथे इंग्रजीत सिगारच्या ताकदीची लांबलचक वाखाणणी आहे, तिथे एकच शब्द लिहिला. संपादकांनी समासात प्रश्नचिन्ह करून परत पाठवला आहे. मी तो बदलणार नाही. लागली, म्हणजे लागली.